आखूड दांड्या सिंहगडाकडे

(सहकारनगर, पुणे. फेब्रुवारी 1987 मधली एक दुपार. दोन बंगल्यांच्या मधे कमरेएवढी भिंत. अलीकडे काकू, पलीकडे नव्यानेच राहायला आलेल्या वहिनी. वहिनी बोलत नाहीत असं नाही. पण त्यांना सापडेल तेवढ्या फटीतून बोलावं लागतं.)

काय वहिनी, लागलं का एरियल? नाही हो, मुद्दाम विचारायला नाही आले. कढीपत्त्याची चार पानं तोडायला आले होते, तुम्ही दिसलात म्हणून विचारलं. काल दुपारी तुमच्या गच्चीवर जो काय आरडाओरडा चालला होता, त्यात आमच्याकडे कुणाचा डोळा लागला नाही. ह्यांचं म्हणणं, आपण कशाला चौकशी करायची. म्हटलं, शेजाऱ्याने नाही करायची तर काय म्युनिसिपालिटीने करायची?

सगळं बघितलं मी. बघितलं म्हणजे आमच्या स्वयंपाकघराची खिडकीच तिकडे आहे, त्याला मी काय करू? वर तो फिटर पाइप फिरवतोय, जिन्यात भाऊजी, टीव्हीपुढे तुम्ही आणि मधे निरोप पोचवायला धाकटा. वरून "आलं का?" खालून "आलं!" लगेच "गेलं!" तुमचं "आलं" जिना चढून वर पोचेपर्यंत पाइप पुढे सरकलेला. मग "तिथंच ठेवा" म्हणायचं ते नक्की कुठं? मधे माणूस घालायचाच नाही, वहिनी. आमच्या वेळी ह्यांनी टीव्हीच उचलून जिन्याच्या दारात आणून ठेवला होता, शटरसकट. कंबर आठवडाभर धरली ते सोडा. पण फिरवणाऱ्याला स्वतःच्या डोळ्यांनी चित्र दिसलं की निम्मं काम झालं.

दुपारची वेळ धरलीत ते मात्र बरं केलंत. भलत्या वेळी फिटर बोलावला तर पडद्यावर नुसत्या मुंग्या, जुळवायचं कशावर? दुपारी निदान यूजीसीचे कार्यक्रम असतात. 1984 च्या पंधरा ऑगस्टला सुरू केलेत ते, खेड्यापाड्यातल्या कॉलेजच्या मुलांना चांगले प्राध्यापक ऐकायला मिळावेत म्हणून. पण मला विचाराल तर आपल्या कॉलनीत ते एरियलवाल्यांनीच जास्त बघितलेत. काल काय होतं, गांडुळं ना? "अहो, याला दोन दोन शेपट्या दिसतायत!" असं ओरडलात तुम्ही. ते समोरच्या माईंपर्यंत गेलं. माई मला संध्याकाळी विचारत होत्या, वहिनींकडे काय निघालं म्हणून.

हसू नका, ती दुसरी शेपटी हीच खरी भानगड आहे. तो फिटर "डबल येतंय, बूस्टर बसवा" म्हणून सांगून गेला असेल. गेलाच ना? घेऊ नका. बूस्टर काय करतो, जे येतंय ते मोठं करतो. एक शेपटी मोठी करेल तशी दुसरीही करेल, वर मुंग्याही वाढवून देईल. वायर फार लांब असेल, एका एरियलवर चार घरं असतील, तिथे बूस्टरचं काम. डबलला त्याचा काही उपयोग नाही. पैसे मात्र मोजून घेतो.

मला कुठून कळतं म्हणता? अहो, आमचा थोरला इंजिनिअरिंगला आहे आणि ह्या गल्लीतलं प्रत्येक एरियल माझ्या खिडकीतून चढलंय. दोन्ही मिळून तेवढं शिक्षण होतंच.

आता असं बघा. आपला टॉवर सिंहगडावर. मुंबई दूरदर्शन सुरू झालं 1972 च्या दोन ऑक्टोबरला आणि पुढच्याच वर्षी मुंबईचा कार्यक्रम सिंहगडावरून पुण्यात दिसायला लागला. गड समुद्रसपाटीपासून तेराशे मीटर, पुणं साडेपाचशेच्या आसपास. म्हणजे एवढ्या उंचावरून लहर खाली सोडायची, पुणेकरांना काही कष्टच नाहीत. कोथरूडला माझी नणंद राहते. तिच्या गच्चीवरून गड समोर दिसतो. तिने टीव्हीवर ठेवायची ती शिंगं लावली तरी चित्र कसं स्वच्छ! आणि आपण? इथून गड सरळ रेषेत सोळा-सतरा किलोमीटर, नैऋत्येला. पण नैऋत्येला बघा बरं. काय दिसतं? तळजाईची टेकडी. घर घेताना सगळ्यांनी सांगितलं, टेकडीच्या पायथ्याला जागा आहे, हवा छान. हवा छानच आहे. पण टीव्हीची लहर सरळ चालते, टेकडी आली म्हणून वळून येत नाही. माथ्यावरून थोडी झिरपते ती आपली. गल्लीच्या त्या टोकाला, टेकडीपासून लांब आहेत, त्यांना बरं येतं. आपण जितके पायथ्याला चिकटून तितके सावलीत.

आणि ती दुसरी शेपटी? ती मागून येते. सिंहगडाची लहर टेकडीवरून पुढे गेली, उंच इमारतीवर आपटली आणि उलटी फिरून तुमच्या एरियलवर आली. समोरून येणारी अशक्त, मागून येणारी धट्टीकट्टी, म्हणून दोन्ही दिसतात. मागची वळसा घेऊन येते म्हणजे उशिरा येते. उशीर तरी केवढा? सेकंदाच्या दहालाखाव्या भागात लहर तीनशे मीटर पळते. पण टीव्हीच्या नळीतला किरण त्याच घाईने डावीकडून उजवीकडे रेघा ओढत असतो, त्यामुळे तेवढ्या उशिरातही दुसरं चित्र उजवीकडे सरकून उमटतं. आमच्या थोरल्याने हिशेब करून दिलाय: वीस इंची पडद्यावर साधारण आठ मिलिमीटर सरकलं की समजायचं, वळसा तीनशे मीटरचा. तेव्हापासून कंपासपेटीतली फूटपट्टी टीव्हीच्या खालच्या कप्प्यातच असते.

तुमची दुसरी शेपटी पहिलीपासून किती लांब होती? बोटाच्या रुंदीएवढी? म्हणजे दीड सेंटिमीटरच्या वर. वळसा सहाशे मीटरचा धरा. जाऊन-येऊन सहाशे, तर आपटायची जागा तुमच्या मागे तीनशे मीटरवर. आता मागे वळून बघा. ती नवी चार मजली इमारत दिसते? वर सिमेंटची टाकी असलेली? तीच ती. त्या इमारतीला परवानगी कशी मिळाली तो वेगळा विषय आहे, तो उद्या सांगते.

एरियल उलटं तर नाही ना बसवलं? खालून मला नीट दिसत नाही. सोपं आहे, लक्षात ठेवा. सगळ्यात लांब दांडी पाठीला. तिच्या पुढे ती दुमडलेली, जिला वायर जोडतात ती. आणि तिच्यापुढे आखूड होत गेलेल्या. आखूड दांड्या सिंहगडाकडे. पाठीमागची लांब दांडी मागून येणारं अडवते, पुढच्या आखूड दांड्या समोरचं गोळा करून आत ढकलतात. म्हणजे मागचं भूत घालवायचं तर पाठ नेमकी त्या टाकीकडे हवी. हे दांड्यांचं गणित जपानात यागी आणि उडा म्हणून दोघांनी 1926 साली बसवलं. घरोघरी टीव्ही यायच्या कितीतरी आधी. आणि आपल्याकडच्या फिटरना अजून पुढचं मागचं कळत नाही.

बँकवाल्यांचं एरियल वर्षभर उलटं होतं! खरं सांगते. त्यांच्या फिटरने आखूड दांड्या केल्या मार्केटयार्डाकडे आणि गेला निघून. चित्र यायचं, कारण इमारतीवरून आपटलेलं पकडत होतं. बँकवाले म्हणायचे, चित्र येतंय ना, मग हात लावायचा नाही. मास्तरांनी सांगितलं, ह्यांनी सांगितलं. "मी पैसे मोजून बसवून घेतलंय" हे एकच उत्तर. मग एका सकाळी बघतात तर चित्र लख्ख. दुकानवाल्याने न सांगता माणूस पाठवला, अशी त्यांची समजूत आहे. आल्या-गेल्याला त्या दुकानाचं नाव सांगतात. आदल्या रात्री जेवण झाल्यावर आमचे हे आणि मास्तर शतपावलीला गेले होते आणि ह्यांच्या हातात पाना होता, एवढंच मी सांगते. पुढचं तुम्ही समजून घ्या.

आणि दुसऱ्या गावचं एरियल इथे चालेल असंही समजू नका. माझी जाऊ मुंबईहून बदली होऊन आली तेव्हा सामानाच्या ट्रकमध्ये एरियल घालून आली. माणसापेक्षा लांब दांड्या! जिन्यातून वर जाईना. वरळीच्या टॉवरची लहर वेगळी, तिचं माप वेगळं, सिंहगडाची वेगळी. लहरीच्या निम्म्याइतकी लांब दांडी लागते, म्हणून चॅनल बदललं की दांड्यांची मापं बदलली. तिला सांगितलं तर म्हणाली, मुंबईचाच कार्यक्रम आहे ना मग चालायला काय हरकत? शेवटी त्या दांड्यांवर आता तिच्या गॅलरीत कपडे वाळतात. त्या कामाला अॅल्युमिनियम उत्तम, गंजत नाही.

तुम्ही नव्या आहात म्हणून सांगते वहिनी, टीव्ही आपल्या घरात असतो, एरियल मात्र गल्लीचं असतं. आत तुम्ही काय बघता ते कुणाला दिसत नाही. पण वर काय लावलंय ते अख्खी कॉलनी वाचते. पूर्वी टीव्हीचं लायसन्स असायचं ना, पोस्टात जाऊन पैसे भरायचे? आता बंद झालं ते. तेव्हा आपल्या गल्लीत एक गृहस्थ होते, नाव नाही घेत, अजून इथेच राहतात. त्यांनी एरियल गच्चीवर लावलंच नाही. माळ्यावर कौलांखाली आडवं टांगलं, लायसन्सवाल्याला दिसू नये म्हणून. चित्र अंधारं यायचं. 1983 च्या वर्ल्ड कपच्या फायनलला कपिल देवने रिचर्ड्सचा तो झेल पकडला, तेव्हा सगळी गल्ली ओरडली आणि हे घरात विचारतायत, काय झालं? त्यांना चेंडूच दिसला नव्हता. सोमवारी सकाळी पोस्टात रांगेत उभे. आमच्या ह्यांनी बघितलं.

आणि ह्याच्या उलटही असतं. एका घरावर सहा-आठ महिने एरियल होतं, खाली टीव्ही नव्हताच. तो कोपऱ्यावरचा पिवळा बंगला. नाही, आता तसं राहिलं नाही, आता आहे रंगीत. पण तेव्हा मुलीचं लग्न जमवायचं होतं आणि बघायला येणारी मंडळी फाटकातून आत शिरताना आधी मान वर करून गच्ची बघत. एरियल दिसलं की हुंड्याची अपेक्षा वाढते असं काही म्हणायचे, काही म्हणायचे स्थळ चांगलं येतं. त्या बिचाऱ्यांनी चांगल्या स्थळाचा हिशेब केला. पाहुण्यांनी विचारलं तर "दुरुस्तीला दिलाय". मी कधी कुणाला बोलले नाही. मुलगी चांगल्या घरी पडली, जावयाने पहिल्या दिवाळीत टीव्ही दिला, एरियल तयारच होतं.

दोन भावांचं घर माहितीये ना, मधे भिंत घातलेलं? तिथे तर एरियलवरून पंचायत बसली. चूल वेगळी झाली, मीटर वेगळा झाला, पण एरियल वडिलांनी लावलेलं, ते एकच. मग धाकट्याने काय केलं, वायर सोलली आणि आपली वायर तिला पिळून चिकटपट्टी लावली. त्याला मधे एक डबी लागते हो, दोन घरांना सारखं वाटून देणारी. नुसतं पिळलं की एकमेकांचं बिघडतं. थोरल्याच्या घरात टीव्हीची पिन काढली की धाकट्याकडचं चित्र बदलायचं. थोरली म्हणायची, त्यांच्यामुळे आमच्याकडे मुंग्या. धाकटी म्हणायची, जाऊबाई मुद्दाम पिन काढतात, बरोबर 'गजरा' लागला की. आमच्या थोरल्याने डबी आणून देतो म्हटलं, तर डबी कुणाच्या भिंतीवर ठोकायची यावरून पुन्हा तेच. शेवटी म्हातारी बोलली, "वेगळं लावा. वाटण्या करायच्या राहिल्या होत्या त्याही करा." आता एका गच्चीवर दोन एरियलं, मधे चार फूट अंतर. दोघी जावा बोलत नाहीत, पण पतंगाचा मांजा एकीच्या दांडीत अडकला तर दुसरी काठीने काढते. संक्रांतीला मीच बघितलं.

पाइप किती फुटी लावलाय? दहा? ठीक आहे. उंची वाढवली की बरं येतं, पण रावसाहेबांसारखं करू नका. रावसाहेब म्हणजे ते निवृत्त तहसीलदार. मुंबईला दुसरं चॅनल सुरू झालं हे पेपरात वाचलं आणि त्यांनी ठरवलं, आपण ते बघायचं. मुंबई आणि आपल्यामधे अख्खा सह्याद्री उभा आहे, हे त्यांना कोण सांगणार? पाइपाला पाइप जोडत चाळीस फुटांवर नेला. एक ताण स्वतःच्या टाकीला, एक जिन्याच्या कठड्याला आणि तिसरा, विचारा कुठे, मास्तरांच्या शेवग्याला! शेवग्याचं लाकूड ते. शेंगांचा भार त्याला पेलत नाही आणि हे चाळीस फुटी पाइप बांधतायत.

आता खोटं नाही बोलायचं. मे महिन्यात एका रात्री त्यांच्या पडद्यावर काहीतरी हललं. हवा तापून तिचे थर बसले की लांबच्या लहरी कधी कधी भरकटत येतात म्हणे. रावसाहेबांनी रात्री साडेदहाला सगळी गल्ली उठवली. आम्ही लुगड्या-धोतरात जमलो तोवर गेलं! ते म्हणाले, एक बाई बोलत होती. त्यांच्या घरातून आतून आवाज आला, "ती मीच बोलत होते, झोपा आता म्हणून." त्याच महिन्यात वळीव झाला. वारा असा सुटला की शेवगा मोडला, पाइप आडवा झाला आणि थेट मास्तरांच्या कौलांवर. नशीब, वीज मंडळाची तार पलीकडून जाते. तिच्यावर पडला असता तर काय झालं असतं, विचारच नको. मास्तर एक शब्द बोलले नाहीत. फक्त फुटलेली कौलं मोजून, कागदावर लिहून, तो कागद रावसाहेबांच्या फाटकाला अडकवून आले. त्यावर शेवटची ओळ होती: "शेवगा एक, वय सात वर्षे."

म्हणून सांगते, पाइप भिंतीला दोन ठिकाणी क्लॅम्पने आवळा, ताण तीन बाजूंना आणि तिन्ही आपल्याच हद्दीत. तार कुठली जवळ नाही ना ते आधी बघा. आणि दांड्यांच्या टोकांना बुचं आहेत का? नसतील. आतून पोकळ असतात त्या. बुचं नसली की रात्री वारा सुटल्यावर गारुड्याच्या पुंगीसारख्या वाजतात. डॉक्टरांच्या घरी पहिले कितीतरी दिवस सगळे भुताचं म्हणून घाबरत होते. डॉक्टर असून! शेवटी कंपाउंडरने औषधाच्या बाटल्यांची रबरी बुचं आणून बसवली, आवाज बंद.

वायर कोणती, गोल काळी का चपटी पट्टीची? पट्टीची असेल तर ती पाइपाला गुंडाळून आणायची नाही. लोखंडाला चिकटली की तिचं तेज जातं. अधेमधे पीळ देत, भिंतीपासून दोन बोटं लांब धरत आणायची. आणि खिडकीतून आत घ्यायच्या आधी बाहेरच एक झोळ सोडायचा, खाली लोंबता. पावसाचं पाणी वायरवरून ओघळत येतं, ते झोळाच्या तळाशी गळून पडतं. झोळ नाही ठेवला तर पाणी सरळ टीव्हीच्या मागे. आणि खाली पाइपाला तांब्याची तार बांधून जमिनीत पुरून घ्या. वळवाचे ढग गडगडायला लागले की मात्र पिन काढून ठेवायची, अरुण गोविल पडद्यावर असला तरी.

हां, 'रामायण'. तेच तर म्हणतेय मी.

गेल्या महिन्यात, 25 जानेवारीच्या रविवारी सुरू झालं. साडेनऊला. तेव्हापासून माझ्याकडे काय चाललंय ते तुम्हाला भिंतीपलीकडून ऐकू येतच असेल. पहिल्या रविवारी समोरच्या माई आल्या, एकट्या. सोवळ्यात, टीव्हीला हळदकुंकू वाहायला. मी म्हटलं, वाहा. दुसऱ्या रविवारी माई, त्यांची बहीण, बहिणीच्या नाती, भाजीवाली, बँकवाल्यांच्या घरची पाहुणी मंडळी आणि दोन मुलं, ती कुणाची ते अजून कळलेलं नाही. बँकवाल्यांचा स्वतःचा टीव्ही आहे हो! पण आमच्याकडे खोली मोठी. चपलांचा ढीग फाटकापर्यंत. नऊला यायला सुरुवात, साडेनऊला सुरू, संपल्यावर प्रसादाचा विषय निघतो. माई म्हणतात रामाचं आहे, कोरडं कसं उठायचं? मग मी शिरा करायचा. रवा बघितलात काय भाव झालाय? ह्यांना रविवारी सकाळी पेपर वाचायला जागा नाही, ते न्हाणीघराच्या पायरीवर बसून वाचतात. एखादी स्कूटर गल्लीतून गेली आणि पडद्यावर ठिपके उडाले की सगळे माझ्याकडे बघतात, जणू स्कूटर मीच पाठवली.

आता तुम्ही टीव्ही घेतलात. देवानेच बुद्धी दिली. पण दोन शेपट्यांच्या टीव्हीवर कोण येणार तुमच्याकडे? दोन राम, दोन सीता आणि दशमुखी रावण आला की वीस तोंडं. माई एकदा बघतील आणि परत माझ्याकडे.

म्हणून मी काय म्हणते, तुमचं एरियल तुमच्या गच्चीवर ठेवूच नका. तुमची गच्ची ठेंगणी आणि टेकडीला जवळ. आमच्या जिन्याच्या खोलीचा माथा तुमच्यापेक्षा चांगला बारा फूट उंच, आणि वीस-पंचवीस फूट टेकडीपासून लांबही आहे. आमच्या एरियलपासून चार-सहा फूट सोडून कोपऱ्यात लावा, एकमेकांच्या पुढ्यात नको. तिथून टेकडीचा माथा कमी आडवा येतो. आमच्याकडे डबल अगदी पुसट आहे, फूटपट्टी लावली तरच कळतं. पाठ बरोबर त्या टाकीकडे करता येईल, बसवताना आमचा थोरला थांबेल. भाडं? काय बोलताय वहिनी! शेजारी आहात.

चार गोष्टी मात्र सांगून ठेवते. वायर माझ्या जाईच्या मांडवावरून न्यायची नाही, पलीकडच्या बाजूने न्या. फिटरला म्हणावं चपला खाली काढ, पुढच्या महिन्यात तिथे कुरडया वाळत घालायच्यात. ताणाचे खिळे गिलाव्यात नकोत, कठड्याला भोक आहे त्यातून तार ओवायची. आणि एरियल पाडायला कावळे येतात म्हणून भाऊजींनी तिथे फटाके वगैरे वाजवायचे नाहीत, हे दुपारी झोपतात.

रविवारी सकाळी सतरंजी आधीच घालून ठेवा, नाहीतर सोफ्यावर बसतात. चहाचं एकदाही विचारू नका. एकदा विचारलात की तो दर रविवारचा झाला. माईंना खुर्ची दारापासून लांब द्या, मधेच उठून गेल्या तर सगळ्यांना उठवतात. शिरा करायचाच असेल तर साखर बेताची घाला, चांगला झाला की बोभाटा होतो.

अहो, ऐकलंत का? ती शिडी काढा आणि पाना बघा कुठे ठेवलाय! वहिनी, तुम्ही फिटरला निरोप धाडा, आज अंधार पडायच्या आत झालं पाहिजे. परवा रविवार. निम्मी माणसं तुमच्याकडे, निम्मी माझ्याकडे. कोणती निम्मी ते मात्र मी ठरवणार.